तासांनाही फेरफार नंबर द्या

महाड एमआयडीसीतली कुठलीही कंपनी डोळ्यासमोर आणा. अकाउंट्समधल्या माणसाने पाचशे रुपयांचं व्हाउचर उघडून त्याचे सहाशे केले, तर ते कोणी केले, कधी केले, आधी किती होते, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये उमटतं आणि पुसता येत नाही. त्याच इमारतीत, दोन टेबलं पलीकडे, टाइम ऑफिसमधल्या माणसाने एका हेल्परची चार तासांची ओटी (ओव्हरटाइम) खोडून दोन तासांची केली, तर कुठेही काहीही उमटलं नाही तरी चालतं. पहिल्या नोंदीमागे कायदा उभा आहे. दुसरीमागे कोणी नाही.

हा कायदा काय आहे ते आधी सांगतो. कंपन्यांच्या हिशेबाबाबतच्या 2014 च्या नियमांत 24 मार्च 2021 ला दुरुस्ती झाली. मुदत दोनदा पुढे गेली आणि अखेर 1 एप्रिल 2023 पासून ती लागू झाली. हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपनीने असंच सॉफ्टवेअर वापरायचं, ज्यात प्रत्येक व्यवहाराचा आणि प्रत्येक बदलाचा माग तारखेसह राहतो आणि तो माग बंद करता येत नाही. वर्ष संपलं की ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं, की माग वर्षभर चालू होता का, त्यात कोणी छेडछाड केली का आणि तो जपून ठेवला आहे का. टॅलीवर काम करणाऱ्या अकाउंटंटांना 'एडिट लॉग' हा शब्द पाठ झाला तो यामुळेच.

माझी मागणी एका वाक्याची आहे. रुपयाला जो नियम लावला, तोच कामगाराच्या तासाला लावा.

तास कुठे कमी होतो

गेटवरच्या मशीनवर बोट टेकवलं किंवा चेहरा दाखवला की मशीन तीनच गोष्टी लिहून ठेवतं. कोड नंबर, तारीख, वेळ. हा कच्चा पंच. तो बहुतेक वेळा खरा असतो.

पण पगार कच्च्या पंचावर निघत नाही. पंच सॉफ्टवेअरमध्ये जातो. तिथे त्याला शिफ्ट लागते, ग्रेस टाइम लागतो, जेवणाची सुट्टी आपोआप वजा होते, वरची मिनिटं गोल केली जातात. पंच मिस झाला असेल तर टाइम ऑफिस हाताने वेळ टाकतं. सुपरवायझरने ओटी मंजूर केली तर धरली जाते. नाही केली, तर माणूस रिॲक्टरपाशी उभा असतो आणि कागदावर घरी गेलेला असतो. एवढ्या पायऱ्या उतरून तास पगारचिठ्ठीत पोचतो आणि प्रत्येक पायरीवर कोणाचा ना कोणाचा हात लागतो.

गोल करण्याचाच हिशेब मांडू. रोज जादा केलेल्या कामातली फक्त पंधरा मिनिटं खाली गोल केली, तर महिन्याच्या 26 दिवसांत 390 मिनिटं होतात, म्हणजे साडेसहा तास. जादा कामाला दुप्पट दर हा कायदा आहे. म्हणजे तेरा तासांची मजुरी गेली. वर्षाला 156 तासांची. आठ तासांचा दिवस धरला तर साडेएकोणीस दिवसांची मजुरी. पगारचिठ्ठीत ही कपात म्हणून दिसत नाही, कारण ती कपात नसतेच. ते तास जन्मालाच आलेले नसतात.

याहून मोठी गोष्ट लोकांच्या लक्षातही येत नाही. एकेका कामगाराचा पंच बदलण्याची गरजच नसते. ग्रेस टाइम दहा मिनिटांवरून पाचवर आणला, शिफ्टची वेळ पंधरा मिनिटांनी सरकवली, ओटी तासाभरानंतरच धरायची असं एका खिडकीत भरलं, की एका क्लिकमध्ये शंभर जणांचा पगार बदलतो. पंच जागच्या जागी असतात. नियम बदललेला असतो. म्हणून माग ठेवायचा तर तो पंचाचाही हवा आणि नियमाचाही हवा. फक्त पंचाचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर अर्धंच काम करतं.

पगार झाला की टाइम ऑफिसच्या खिडकीवर होणारं बोलणं एमआयडीसीत काम केलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे.

"साहेब, माझी ओटी कमी लागलीय."

"सिस्टिमला एवढीच दिसतेय."

"पण मी अकरापर्यंत होतो. रिलीव्हर आलाच नव्हता."

"सिस्टिमला दिसत नाही ना. मी काय करू?"

खिडकीमागचा कारकून खोटं बोलत असेलच असं नाही. त्यालाही खरोखर तेवढंच दिसत असेल. काल काय होतं आणि आज काय आहे, हे दाखवणारी खिडकीच त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, किंवा असून कोणी उघडत नाही. इमानदार कारकुनाकडे आपलं इमान दाखवायला पुरावा नाही आणि लबाडाला पुराव्याची भीती नाही. माग नसला की दोघं सारखे दिसतात. सरळ माणसावर याहून मोठा अन्याय नाही.

दुरुस्ती हवीच

नोंद कधीच बदलू नये, असं मी म्हणत नाही. आपल्या भागात तर ते शक्यच नाही.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून, बिरवाडीच्या आसपासच्या गावांतून माणसं शिफ्टला येतात. पावसाळ्यात घाटरस्त्यावर दरड येते, ओढ्याला पाणी चढतं, एसटी अडते. रिलीव्हर वेळेवर पोचत नाही. रसायनाचा प्लांट अर्ध्यात सोडून जाता येत नाही, म्हणून आधीच्या पाळीचा माणूस थांबतो. वीज जाते, नेट जातं, मशीन बंद पडतं. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं, त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गाडली गेली. अशा दिवसांत कोणाची हजेरी मशीनवर बरोबर लागणार? ती नंतर हातानेच भरावी लागते आणि भरायलाच हवी. बोटांची कातडी रसायनाने सोलवटलेल्या माणसाचा ठसा मशीन ओळखत नाही, त्याची वेळही हातानेच टाकायला हवी.

म्हणजे दुरुस्ती ही कामगाराचीही गरज आहे. प्रश्न दुरुस्तीचा नाही. जुनी नोंद गायब होण्याचा आहे.

आपल्याकडे ही गोष्ट कशी करायची ते प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. सातबाऱ्यावरचं नाव कोणी उठून बदलत नाही. बदलाची नोंद आधी गाव नमुना 6 मध्ये, फेरफार नोंदवहीत होते. तिला नंबर पडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 प्रमाणे तिची प्रत चावडीवर लागते आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवावं लागतं. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत चढते, चौकशी होते आणि मग अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं, पुसलं जात नाही. तीस वर्षांनी नातू उभा राहिला तरी फेरफार नंबरावरून मागे मागे जात आजोबांच्या नावापर्यंत पोचतो.

फेरफारातही घोटाळे होतात, हे मला ठाऊक आहे. पण ते उघड होतात ते फेरफाराच्याच कागदावरून. कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने, कोणत्या कारणाने हे लिहिलेलं असतं, म्हणून दाद मागता येते. चार गुंठ्यांच्या नोंदीला एवढी काळजी घेणाऱ्या राज्याने, त्या चार गुंठ्यांत भागत नाही म्हणून एमआयडीसीत उतरलेल्या माणसाच्या आठ तासांना ती का नाकारावी?

तीन नोंदी, तीन आकडे

कंपनीच्या कायम कामगाराचं एक ठीक असतं. त्याची युनियन असते, करार असतो. कंत्राटी कामगाराचा तास तीन ठिकाणी लिहिला जातो. गेटवरच्या सिक्युरिटीच्या वहीत, मशीनमध्ये आणि कंत्राटदाराच्या मस्टरवर. मशीन कंपनीचं, मस्टर कंत्राटदाराचं. आणि हे मस्टर बहुधा एक्सेलच्या फाइलमध्ये, जिथे साधा आकडा बदलून सेव्ह केलं की आधीचा आकडा गेला.

कंपनीला बिल लावताना कंत्राटदार एक आकडा देतो, कामगाराला पगार देताना दुसरा देऊ शकतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहण्याचा अधिकार ज्याच्या घामाचे ते तास आहेत, त्याच्या हातात नाही. कंत्राटदाराने पैसे थकवले तर मूळ मालकाने द्यायचे, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. पण किती थकवले हे ठरायला तास ठरावा लागतो आणि तो ठरवणारी फाइल कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये असते.

गेटवरचा कच्चा पंच कंत्राटदाराला, कंपनीला आणि कामगाराला एकाच वेळी मिळाला, तर यातली निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत. यात कुठलंही अवघड तंत्रज्ञान नाही. गॅस सिलिंडर बुक झाल्याचा मेसेज वाडीवस्तीवरच्या फोनवर येतो, तर 'आज आत 6.52, बाहेर 11.08' हा मेसेजही येऊ शकतो.

आत कोण होतं

पगाराशिवाय या नोंदीवर आणखी एक गोष्ट अवलंबून असते आणि महाडने ती फार जवळून पाहिली आहे. 3 नोव्हेंबर 2023 ला एमआयडीसीतल्या एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. अकरा कामगार बेपत्ता झाले आणि एनडीआरएफच्या जवानांना ढिगाऱ्यातून मृतदेह शोधून काढावे लागले.

रसायनाच्या कारखान्यात भोंगा वाजला की बचाव करणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, आत कोण आहे? त्याचं उत्तर हजेरीतून येतं. ओटीची मर्यादा ओलांडली म्हणून कागदावर तीनला बाहेर काढलेला माणूस प्रत्यक्षात आत असेल, तर ती यादी त्याला शोधणार नाही. पुढे नुकसानभरपाईच्या वेळी पहिला वाद हाच असतो, की अपघाताच्या क्षणी तो ड्युटीवर होता का. अपघातानंतर दुसऱ्या दिवशी कोणी हजेरी उघडून बदलली का, हे सांगणारा माग त्या घराच्या पुढच्या वीस वर्षांचं अन्न ठरवतो. मी हे कोणत्याही एका कारखान्यावर आरोप म्हणून लिहीत नाही. जिथे जिथे वाफ, द्रावक आणि दाब यांच्याजवळ माणसं उभी राहतात, तिथे तिथे हजेरी हे सुरक्षेचं साधन आहे आणि हेल्मेटइतकंच काटेकोरपणे तपासलं पाहिजे.

कोर्टात कोण सिद्ध करणार

240 दिवस. हा आकडा प्रत्येक कंत्राटी आणि रोजंदारी कामगाराला माहीत असतो. नव्या संहितांआधीच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली सलग सेवा धरायची तर वर्षात एवढे दिवस काम झालेलं असावं लागायचं. ते सिद्ध कोणी करायचं? सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हदिमनी प्रकरणात सांगितलं, की भार कामगारावर आहे आणि नुसतं प्रतिज्ञापत्र पुरणार नाही. 2005 मध्ये यल्लट्टी प्रकरणात न्यायालयाने वाट थोडी मोकळी केली. कामगार मालकाकडचं मस्टर, पगारपत्रक कोर्टात मागवू शकतो, असं म्हटलं. पण मागवलेलं मस्टरच रात्रीतून बदललेलं असेल तर?

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेच्या कलम 59 मध्ये कामगाराच्या बाजूची एक चांगली तरतूद आहे. पैसे कमी दिल्याचा दावा आला, तर ते दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. दावा करायला तीन वर्षांची मुदत. पगारचिठ्ठी देणं बंधनकारक. नोंदवह्या संगणकावर ठेवायला मुभा. हे सगळं स्वागतार्ह आहे. पण मालक पुरावा म्हणून काय आणणार? त्याच्याच संगणकातली, त्याच्याच माणसाला बदलता येणारी नोंद. हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी कंपनी नियमांत जसं स्पष्ट वाक्य आहे, तसं हजेरीच्या सॉफ्टवेअरसाठी नाही.

त्यात 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 पाहा. संगणकीय नोंद कोर्टात द्यायची तर त्या यंत्राची किंवा कामाची जबाबदारी असलेल्याचं आणि तज्ज्ञाचं प्रमाणपत्र लागतं. यंत्र कंपनीचं, जबाबदार माणूसही कंपनीचा. कामगाराकडे उरतो तो मोबाइलमध्ये काढलेला मशीनचा फोटो.

आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे तास 9 वरून 12 पर्यंत नेण्याला आणि तिमाही ओटीची मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर नेण्याला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असंही सांगितलं. तास वाढवायची घाई झाली. ते मोजण्याच्या नोंदीला कुलूप लावायची घाई कोणी केली नाही. संमतीपत्रावर सही कोणत्या तारखेची आहे, ओटीच्या आधीची की पगाराच्या दिवशीची, हे तरी कोण सांगणार?

महाडला हे नवीन नाही

48 तासांच्या आठवड्याचा आणि महाडचा संबंध एका माणसातून जातो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणलेल्या 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला 54 तासांचा आठवडा 48 वर आला. आज एमआयडीसीत जो कामगार 'आठ तास झाले' म्हणू शकतो, तो त्या दुरुस्तीच्या आधारावर म्हणतो.

त्याच बाबासाहेबांचा महाडमधला लढा नोंदींचाही लढा होता. महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 ला सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव केला. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. 4 ऑगस्ट 1927 ला त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. ही माघार लाजिरवाणी होती. पण ती तारखेनिशी नोंदलेली आहे आणि आधीचा ठरावही टिकून आहे. म्हणूनच शंभर वर्षांनीही नगरपालिका काय बोलली होती आणि कधी फिरली, हे कोणालाही विचारता येतं. पुढे तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. 'पूर्वीपासून असंच चालत आलंय' हा विरुद्ध बाजूचा मुद्दा होता. 17 मार्च 1937 ला न्यायालयाने सांगितलं, की ती अनादी काळाची रूढी सिद्ध झालेली नाही.

ज्या गावाने 'असंच चालत आलंय' कोर्टात पडताना पाहिलं, त्या गावाने 'सिस्टिमला असंच दिसतंय' निमूट ऐकून घेऊ नये.

डोंगरातलं मस्टर

पोलादपूरच्या डोंगरात कारखाने नाहीत, पण हजेरी तिथेही आहे. महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू केली, 1977 मध्ये तिचा कायदा केला. मस्टरवर खोटी नावं चढण्याच्या तक्रारीही तेव्हापासूनच्या. देशभरची योजना आली, मग मोबाइल ॲप आलं. 1 जानेवारी 2023 पासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा, जागा आणि वेळेसह फोटो चढवणं सक्तीचं झालं. रेंज नसलेल्या वाडीत दुपारचा फोटो चढला नाही तर राबलेल्या बाईची मजुरी टांगणीला लागते.

एवढं करून काय झालं? जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोवरून काढलेले फोटो, एकच फोटो अनेक मस्टरांना, असे प्रकार सापडले आहेत. यातून घ्यायचा धडा असा, की मजुरावर कॅमेरा रोखल्याने नोंद खरी होत नाही. ज्याच्या हातात नोंद आहे, त्याच्या हातावर नजर ठेवल्याने होते.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून हे करून दाखवलं. सरकारी मस्टर मिळवलं आणि गावासमोर मोठ्याने वाचलं. ज्यांची नावं होती ते समोर बसले होते. कोण कामावर होतं, कोण नव्हतं, हे सांगायला तज्ज्ञ लागला नाही. त्या जनसुनवाईंतून माहिती अधिकाराच्या चळवळीला बळ मिळालं. नोंद ज्याची आहे त्याला दिसली पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

बाहेरचे काय शिकले

ब्रिटनच्या पोस्टात 1999 पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली. तिच्यात तूट दिसली म्हणून नऊशेहून जास्त पोस्टचालकांना शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काही मरण पावले. दूर बसून शाखेच्या हिशेबात बदल करता येत होता, ही गोष्ट पोस्टाने वर्षानुवर्षं नाकारली. 2019 मध्ये कोर्टाने प्रणालीतले दोष मान्य केले आणि 2024 मध्ये संसदेला शिक्षा रद्द करणारा कायदा करावा लागला. 'सिस्टिमला असंच दिसतंय' या वाक्याची ती किंमत.

युरोपीय न्यायालयाने 14 मे 2019 ला स्पेनमधल्या एका प्रकरणात सांगितलं, की प्रत्येक कामगाराचे रोजचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वसनीय आणि पाहता येण्याजोगी व्यवस्था मालकाने ठेवलीच पाहिजे. त्याशिवाय तासांची मर्यादा नुसती कागदावर राहते. हा मुद्दा बिरवाडीतही तितकाच खरा आहे.

हरकती आणि उत्तरं

खर्च वाढेल, असं म्हणतात. माग म्हणजे मजकुराच्या काही ओळी. गेटवरच्या एका सीसीटीव्हीचं एका तासाचं चित्रण त्याहून कितीतरी जास्त जागा घेतं. अनेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीपासून असते, फक्त चालू करून तिच्याकडे पाहायला हवं.

कामगारही लबाडी करतात, दुसऱ्याचं कार्ड दाखवतात, असं म्हणतात. करत असतील. माग त्यांनाही पकडेल. पुतण्याच्या नावावर न केलेली ओटी चढवणारा सुपरवायझरही त्यात सापडेल. कंपनीचाच फायदा आहे.

विश्वास नाही का, असं विचारतात. विश्वास आहे, म्हणूनच नोंद उघडी ठेवायची. अकाउंटंटवर अविश्वास म्हणून एडिट लॉग आलेला नाही. तो आला, कारण पैशाच्या बाबतीत शब्दावर भागत नाही हे सगळ्यांना पटलं. तास म्हणजे कामगाराचा पैसाच.

एक इशारा मात्र मालकांना नाही, सरकारला आहे. मागाच्या नावाखाली कामगाराच्या मोबाइलचं लोकेशन घेणं, तो कितीदा लघवीला गेला ते मोजणं सुरू करू नका. माग बदलाचा ठेवायचा आहे, माणसाचा नाही.

काय लिहून घ्यायचं

राज्य सरकारने नव्या संहितांखालच्या आपल्या नियमांत आणि युनियननी येणाऱ्या प्रत्येक करारात एक कलम घालावं. ते कसं असावं, ते मीच लिहून देतो:

'गेटवर नोंदलेला मूळ पंच कोणालाही बदलता किंवा पुसता येणार नाही. हजेरी, ओटी, शिफ्ट, ग्रेस टाइम आणि गोल करण्याचे नियम यांतल्या प्रत्येक बदलाची जुनी नोंद, नवी नोंद, बदलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि कारण कायम राहील. हा माग कंपनीचा सर्वोच्च अधिकारीही बंद करू शकणार नाही. बदल करणाऱ्या प्रत्येकाचा पासवर्ड स्वतंत्र असेल. बदल झाल्याच्या दिवशी संबंधित कामगाराला मराठीत किंवा त्याच्या भाषेत संदेश जाईल आणि त्याला हरकत घ्यायला सात दिवस मिळतील. हरकत मिटेपर्यंत मूळ नोंदीप्रमाणे पगार होईल. कंत्राटी कामगारालाही हेच लागू असेल. माग आठ वर्षं जपला जाईल आणि निरीक्षकाने मागताच दाखवला जाईल.'

आठ वर्षं का? कंपनीच्या हिशेबाच्या वह्या कायद्याने आठ वर्षं ठेवाव्या लागतात, म्हणून. स्वतंत्र पासवर्ड का? ऑफिसातल्या चौघांनी एकच 'ॲडमिन' वापरला तर मागावर फक्त 'ॲडमिन' लिहिलेलं राहतं आणि चौघांपैकी कोणीच जबाबदार ठरत नाही. संदेश त्याच दिवशी का? सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही, की त्या मंगळवारी रिलीव्हर किती वाजता आला होता.

कारखान्यांत तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना कायद्यात बदल होईपर्यंत थांबायची गरज नाही. छापील मस्टर मागू नका. छापील मस्टर नेहमीच स्वच्छ असतं. गेल्या महिन्याचा कच्चा पंच आणि पगाराला लागलेले तास शेजारी ठेवायला सांगा आणि फरकाचं कारण विचारा.

कामगारांनीही वाट पाहू नये. या महिन्यात टाइम ऑफिसकडे आपल्या कोड नंबरचा कच्चा पंच लेखी अर्ज करून मागा. अर्जाची पोच घ्या. एकट्याने नको, पन्नास जणांनी मिळून मागा. रोज आत-बाहेरची वेळ वहीत लिहा आणि शेजारच्याची सही घ्या. कंपनी नकार देईल, तर तो नकारही लेखी घ्या. तीन वर्षांच्या मुदतीत तोच तुमचा पहिला पुरावा ठरेल.